शंख्या वळू आणि गोचिडीची लाळ

सुज्ञ व सहृदय वाचकांस सविनय विदित व्हावे की, प्रस्तुत लेखात करकंब येथील एका वळूवर गुदरलेल्या संकटाचा साद्यंत वृत्तांत निवेदन करण्याचे योजिले आहे. सदरहू संकटास ना वाघ कारण झाला, ना पटकीची साथ. एरंडाच्या बीएवढ्या एका क्षुद्र प्राण्याच्या तोंडातील लाळ तेवढी कारण झाली. हे वाचून कित्येकांस हसू येईल. त्यांनी अवश्य हसावे. परंतु हसून झाल्यावर लेख शेवटपर्यंत वाचावा, इतकीच प्रार्थना.

शके अठराशे अठ्ठावन्न, आश्विन मास. सोलापूर जिल्ह्यातील करकंब ह्या मोठ्या गावी ओढ्याच्या काठास महिपती नामक शेतकरी आपली भार्या बजाबाई हिच्यासह राहत असे. महिपतीची जमीन बेताची, बोलणे बेताचे. अभिमान तेवढा बेताबाहेरचा होता आणि तो दारातील खुंट्याला बांधलेला असे. त्याचे नाव शंख्या. हा खिलार जातीचा वळू असून वर्णाने शंखासारखा शुभ्र, मानेने भरलेला, आणि चालीने असा की पाटलांच्या घोडीनेही बाजूस व्हावे. जन्मतःच त्याची माता दगावल्यामुळे बजाबाईने त्यास शेळीच्या दुधात बोटे बुडवून ती चोखावयास देऊन वाढविले होते. त्यामुळे इतका थोर झाल्यावरही तो बजाबाई दृष्टीस पडताच मान खाली घाली व तिच्या पदराचे टोक तोंडात धरून उभा राही. अशा वेळी हे दृश्य चारचौघांस दिसू नये म्हणून महिपती मध्ये आडवा उभा राहत असे.

त्या वर्षी नव्या कायद्याचा अंमल करकंबास येऊन पोहोचला होता. कायद्याचे म्हणणे थोडक्यात येणेप्रमाणे होते : गावातील प्रत्येक वळू सरकारी डॉक्टरांनी तपासावा, जो पसंतीस उतरेल त्यासच वळू म्हणून ठेवावे, आणि जो उतरणार नाही त्याचे वळूपण जागच्या जागी, लोखंडी चिमट्याने, संपुष्टात आणावे. हा चिमटा कसा असतो ते महिपतीने पाहिले नव्हते. परंतु तो दोन हात लांब असून त्यास तेल द्यावे लागते, एवढे ऐकूनच त्याची तीन रात्री झोप उडाली होती.

परीक्षेचा दिवस गुरुवारचा. त्या दिवशी तांबडे फुटण्याच्या सुमारास बजाबाई उठून पाहते, तो महिपती शंख्याच्या पोटाखाली उकिडवा बसलेला असून त्याच्या शेजारी राखेने अर्धा भरलेला पत्र्याचा डबा होता.

"अवं, काय चाललंय ह्ये पहाटंच्या पारी?"

"गोचिडी काढतोय. साहेबाला अंगावर एक जरी दिसली तर म्हनंल, ह्याची राखणच नीट न्हाय."

"मग आठ दिस काय करत व्हता?"

"आठ दिस साहेब कुटं येणार व्हता?"

बजाबाई चुलीकडे गेली. महिपतीने गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीखालून, कानांच्या आतून, शेपटीच्या बुडाखालून, जेथे जेथे म्हणून हात पोहोचला तेथून, एकूण त्र्याहत्तर गोचिडी उपटून राखेत टाकल्या. मग त्याने रिठ्याच्या पाण्याने शंख्यास आंघोळ घातली. सूर्य वर आला तेव्हा शंख्या असा दिसू लागला की, त्यास घडी घालून पेटीत ठेवावे.

परंतु घरापासून बाजारतळापर्यंतच्या वाटेवर विपरीत घडू लागले. प्रथम शंख्याच्या पोळीवर एक तांबडा ठिपका उमटला. महिपतीने तो धोतराच्या सोग्याने पुसला. पुसताच तो पुन्हा उमटला आणि सोबत खांद्यावरील दुसऱ्यासही घेऊन आला. पारापाशी येईतो सात ठिपके झाले होते. शुभ्र अंगावर ते असे शोभत होते, जणू कोणी सुवासिनीने जाता जाता कुंकवाची बोटे लावली असावीत. महिपतीने माती लावून पाहिली, तो चिखल झाला. शेवटी त्याने कमरेच्या बटव्यातून खंडोबाचा भंडारा काढला व पहिल्या ठिपक्यावर दाबून बसविला. तेथील रक्त दिसेनासे झाले. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. एकीकडे पिवळे आणि दुसरीकडे पांढरे बरे दिसेना, म्हणून त्याने उरलेला सर्व भंडारा शंख्याच्या अंगावर सारखा केला.

बाजारतळाच्या तोंडाशी गुंडा नावाचा त्याचा शेजारी उभा होता. त्याने शंख्यास शिंगांपासून खुरांपर्यंत न्याहाळले.

"महिपती, वळू तपासायला चाललाय का नवरदेव हळदीला?"

"तू आपलं काम बघ की."

"बघतोय की. वऱ्हाड कुटं हाय त्येच बघतोय."

इतक्यात फुलाबाई नावाची एक वृद्धा तेथून जात होती. तिने भंडाऱ्याने माखलेला वळू पाहिला, डोक्यावरील पाटी खाली ठेवली, शंख्यास मनोभावे हात जोडले, आणि महिपतीसही जोडले. महिपतीस काय करावे ते न सुचून त्यानेही तिला हात जोडले.

बाजारतळावर लिंबाच्या झाडाखाली सोलापुराहून आलेले गुरांचे डॉक्टर कमलाकरपंत खुर्चीवर बसले होते. वय पंचविशीच्या आतले, खाकी पोशाख, आणि काखेत तांबड्या कापडी बांधणीचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. गेले तीन दिवस ते मोडनिंबापासून गावोगाव बैलगाडीने फिरत होते आणि रात्री गाडीतल्या कडब्यावरच निजत होते. तथापि त्यांच्या मुद्रेवरील करारीपणा यत्किंचितही चुरगळला नव्हता. महिपतीने त्यांस आदरपूर्वक निरखले. त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीमागे राखी रंगाचा एक टपोरा मोती होता. शहरातली शिकलेली मंडळी कानात भिकबाळी घालतात, हे महिपतीस ठाऊक होते. मोती कानाच्या मागे बसविण्याची आता नवी तऱ्हा निघाली असावी, असे त्याने मनाशी ठरविले.

डॉक्टरांच्या मागे त्यांचा शिपाई गुरप्पा बसला होता. हा अक्कलकोटकडचा. त्याच्या मांडीवर तो चिमटा होता आणि गुरप्पा त्याच्या सांध्यास फडक्याने तेल लावीत होता. तेल मुरले की नाही हे पाहण्यासाठी तो मधून मधून चिमटा मिटून पाही. त्याचा खट् असा आवाज झाला की, सभोवार उभे असलेले सर्व पुरुष पाय किंचित जवळ घेत.

महिपतीच्या अगोदर एका तांबड्या वळूची परीक्षा झाली. तो नापसंत ठरला. पुढे झाडामागे जे घडले त्याचे वर्णन करण्यास लेखणी धजत नाही. त्याचा मालक मुंडासे हातात घेऊन परत गेला, एवढे सांगितले असता पुरे.

"पुढचा," डॉक्टर म्हणाले. मग शंख्याकडे पाहून, "हा पिवळा का?"

"देवाचा भंडारा हाय साहेब. शुभ कामाला निघालाय म्हनून."

डॉक्टरांनी शंख्याची उंची मोजली, छाती मोजली, दात पाहिले, आणि त्यांची मुद्रा क्षणोक्षणी प्रसन्न होत चालली. महिपतीच्या छातीतला धोंडा हलू लागला. इतक्यात डॉक्टरांनी पोळीवर हात फिरविला. हातास भंडारा लागला, आणि भंडाऱ्यास तांबडे काही लागले. त्यांनी कापसाच्या बोळ्याने ती जागा स्वच्छ केली. बोळा काढताच रक्ताचा थेंब वर आला. पुन्हा पुसले, पुन्हा आला. असे त्यांनी पाच जागी करून पाहिले आणि पाचही जागी तेच.

"ह्याच्या अंगावर काही चावले आहे काय? गोचीड वगैरे?"

येथे महिपतीने सत्य सांगितले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु राखण नीट नाही असा शेरा पडेल, ह्या धास्तीने त्याची जीभ आडवाटेस गेली.

"छ्या साहेब. माझ्या जनावरावर गोचीड सोडा, माशी बसायला भेती."

डॉक्टरांची मुद्रा गंभीर झाली. त्यांनी पुस्तक उघडून आरंभीचे एक पान काढले व त्यावर बोट ठेवून मनातल्या मनात वाचले. मग ते दोन पावले मागे सरले.

"रक्त गोठत नाही," ते म्हणाले. "हे काळपुळीचे लक्षण आहे. सर्वांनी दूर व्हा. ह्या रोगाने जनावर घटकाभरात मरते, आणि माणसासही तो लागतो."

बाजारतळ रिकामा होण्यास वेळ लागला नाही. पाटील पदास साजेलशा संथ पावलांनी निघाले, तथापि सर्वांत दूर तेच पोहोचले.

"पर साहेब, त्यानं पहाटं पाटीभर पेंड खाल्लीया."

"आता मरेल."

"ह्यो मरंना की."

खरोखरच शंख्यास मरणाची घाई दिसत नव्हती. त्याने मान लांब करून टेबलावरील तपासणीचा छापील कागद तोंडात घेतला होता आणि तो शांतपणे चघळीत होता. डॉक्टरांनी खिशातील घड्याळ काढून एका हातात धरले. दहा मिनिटे झाली, वीस झाली. शंख्याने कागद संपविला. डॉक्टरांस पेच पडला. परंतु शास्त्रज्ञाने पेचात फार वेळ राहू नये, असे वाटून त्यांनी निकाल दिला.

"मेला तर काळपुळी समजावी. संध्याकाळपर्यंत जगला, तर रक्त न गोठण्याचा काही उपजत विकार आहे असे मानावे लागेल. असा विकार वासरांत उतरतो. तेव्हा जगल्यास चिमटा लावावा."

म्हणजे जगण्याची शिक्षा चिमटा, आणि त्यातून सुटका हवी तर मरण. महिपतीने शंख्याचा कासरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. गुरप्पाने चिमटा एकदा मिटून पाहिला.

दुपारच्या सुमारास बजाबाई भाकरी घेऊन आली. गुंडाने तिला वेशीवरच सर्व हकीकत सांगितली होती. ती तळावर आली. शंख्याने मान खाली घालून तिच्या पदराचे टोक तोंडात धरले. आणि ह्या खेपेस महिपती आडवा उभा राहिला नाही.

"साहेबाला गोचिडीचं सांगितलं का न्हाय?" तिने विचारले.

महिपती वाकून शंख्याच्या खुरावरील माती झाडू लागला.

"म्हंजी न्हाय सांगितलं." तिने पदर सोडवून घेतला व डॉक्टरांच्या खुर्चीपाशी गेली. "साहेब, आमच्या ह्येंनी पहाटं त्र्याहत्तर गोचिडी उपटल्याती. राखंच्या डब्यात हायती अजून, बघायच्या तर आणते. जितनं उपटल्या तितनंच रगात येतंय."

डॉक्टर उदारपणे हसले. "बाई, गोचिडीचे तोंड ते केवढे? टाचणी टोचल्याने जेवढे रक्त येते तेवढे येऊन थांबले पाहिजे. इतका वेळ वाहत राहणे ही निराळी गोष्ट आहे. हे शास्त्र आहे, तुम्हांस ते..."

येथे ते थांबले, कारण बजाबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या उजव्या कानाकडे पाहत होती.

"हालू नगा लेकरा," ती म्हणाली. आणि साहेब हा शब्द विसरून तिने डॉक्टरांची मान एका हाताने वाकविली, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कानामागचा तो राखी मोती धरला, किंचित पिळला, उपटला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मोत्यास पाय होते. ते हलत होते.

डॉक्टर तळहाताकडे पाहत राहिले. "हे माझ्या अंगावर होते? मला काहीच कसे कळले नाही?"

"कुनालाच कळत न्हाय. बैलाला तरी कुटं कळतंय?"

तोपर्यंत डॉक्टरांच्या मानेवरून रक्ताची एक बारीक धार गळपट्ट्यात उतरली होती. त्यांनी रुमाल दाबला. काढला, तो थेंब पुन्हा आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. गुरप्पा जवळ येऊन वाकून पाहू लागला.

"साहेब, रक्त थांबत नाय की."

"मला ते दिसते आहे, गुरप्पा."

"नाय, तुमाला कसं दिसंल? ते कानाच्या मागं हाय."

पाव घटका गेली. रुमाल तांबडा झाला, तरी ठिपका उमटतच होता. बजाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या स्वरात किंचितही उपरोध नव्हता, म्हणूनच तिचे बोलणे अधिक लागले.

"आता साहेब, तुमालाबी काळपुळी झाली म्हनायची, का तुमच्या रगतात जन्माचा दोष हाय म्हनायचा?"

डॉक्टरांनी नकळत चिमट्याकडे पाहिले. गुरप्पानेही पाहिले आणि चिमटा हळूच पाठीमागे सरकवीत म्हणाला, "बेडा साहेब, बेडा." कानडीत बेडा म्हणजे नको.

मग डॉक्टरांनी तांबडे पुस्तक पुन्हा उघडले. येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कित्येक विलायती पुस्तकांची पाने कडेस एकमेकांस जोडलेलीच येतात आणि वाचणाऱ्याने ती सुरीने कापून मोकळी करावयाची असतात. हे पुस्तक इंग्रजी वर्णानुक्रमाने रचलेले होते. काळपुळीचे इंग्रजी नाव पहिल्याच अक्षरात येते, गोचिडीचे मात्र विसाव्यात. आणि डॉक्टरांची पाने सातव्या अक्षरापर्यंतच कापलेली होती. ते तरुण होते, नोकरी नवी होती, आणि फिरतीवर दिवा मिळत नसे. त्यांस हसणे योग्य होणार नाही.

"सुरी आहे काय कोणाजवळ?" त्यांनी खालच्या आवाजात विचारले.

बजाबाईने भाकरीच्या फडक्याखालून गवताचा विळा काढून दिला. डॉक्टरांनी विळ्याने शास्त्राची पाने कापली आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे कान तांबडे होत गेले. शेवटी त्यांनी पुस्तक मिटले आणि जे वाचले ते मराठीत प्रांजळपणे सांगितले; हा त्यांचा मोठेपणा होय.

गोचीड कातड्यात तोंड रोवून बसते, ती नुसते रक्त पीत नाही. पिता पिता आपली लाळही आत सोडीत राहते. त्या लाळेत काही द्रव्ये अशी असतात की त्यांच्या योगे दंशाची जाणीव मंदावते, म्हणून तिचे ओझे वाहणाऱ्यास तिचा पत्ता लागत नाही. दुसरी काही अशी की, जे रक्त एरवी जखमेच्या तोंडाशी थिजून दार लावून घेते, ते त्यांच्यामुळे पातळच राहते. नाहीतर आठ आठ दिवस चाललेल्या तिच्या भोजनात पहिल्याच दिवशी खंड पडावा. गोचीड उपटली, तरी लाळ मागे राहते आणि काही काळ आपले काम करीत राहते.

"म्हंजी उलटं इरजण," बजाबाई म्हणाली. "इरजणानं दूध घट्ट व्हतं, ह्येनं घट्ट व्हायचं ते पातळ ऱ्हातं."

"बरोबर तसेच," डॉक्टर म्हणाले, आणि पुस्तकातील वाक्य इतके सोपे का नव्हते ह्याचा क्षणभर विचार करीत राहिले.

परंतु अजून परीक्षा संपली नव्हती. उपजत विकार नाही हे सिद्ध व्हावयास हवे होते. डॉक्टरांनी सुई उकळून घेतली. जेथे गोचीड लागलीच नव्हती अशी शंख्याच्या कानाच्या कडेची जागा पाहून तेथे सुई टोचली. आणि न्याय दोघांस सारखा असावा म्हणून दुसरी सुई स्वतःच्या बोटास टोचली. हातात घड्याळ धरून सर्वजण उभे राहिले. दूर गेलेले लोक परत आले होते, पाटीलही आले. महिपतीने डोळे मिटून घेतले होते. खंडोबाचा भंडारा सारा सकाळीच वापरून झाल्यामुळे नवस कशावर बोलावा हे त्यास कळेना.

"साहेबाचं थांबलं," गुरप्पा काही वेळाने म्हणाला.

महिपतीने डोळे उघडले नाहीत.

"वळूचंबी थांबलं. साहेबाच्या अगोदरच थांबलं हुतं, पण मी म्हनलं, मानाप्रमाणं सांगावं."

कानावरील थेंब वाळून काळा झाला होता. पोळीवरील जुने ठिपके मात्र अद्याप ओलसर होते, डॉक्टरांच्या कानामागचाही. रक्ताच्या अंगी काहीच दोष नव्हता. दोष होता तो पाहुणीच्या थुंकीत.

डॉक्टरांनी नवा कागद मागविला, जुना शंख्याच्या पोटात गेला होता, आणि त्यावर 'पसंत' असा शब्द स्वहस्ताक्षरात लिहिला. गुरप्पाने चिमटा गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधला. महिपतीने वाकून डॉक्टरांचे पाय धरावयास हात पुढे केले, पण ते शंख्याच्या पायांना जाऊन भिडले, कारण शंख्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

जाता जाता बजाबाईने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या म्हाताऱ्या गायीच्या अंगावर गोचिडी लागतात, पण तितक्या जागेस गांधी उठतात आणि गोचिडी तिळाएवढ्याच राहून आपोआप गळून पडतात. नव्या वासराच्या अंगावर मात्र त्याच एरंडाएवढ्या फुगतात. "म्हातारीच्या अंगाला ती थुकी वळखू येती जनू," ती म्हणाली. डॉक्टरांनी पुस्तकात शोधले. तेथे हे नव्हते. मग त्यांनी शिसपेन्सिल काढून पानाच्या समासात ते लिहून ठेवले आणि खाली बजाबाईचे नाव घातले.

निघताना त्यांनी महिपतीस बाजूस घेतले.

"तुम्ही सकाळपासून माझ्यासमोर उभे होतात. ही कानामागची तुम्हांला दिसली नाही?"

"दिसली की साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

महिपतीने हातातील कासऱ्याच्या गोंड्याशी चाळा केला. "मला वाटलं मोती हाय."

डॉक्टरांचा हात पुन्हा कानामागे गेला.

"बैलाच्या अंगावर असती तर धा पावलांवरनं वळखली असती साहेब," महिपती काकुळतीने म्हणाला. "पर तुमच्या अंगावर, म्हनल्यावर मोतीच असंल की."

ह्यावर गुरप्पा पुढे आला. त्याने मुकाट्याने आपले पागोटे काढून हातात घेतले व मान वाकवून बजाबाईपुढे उभा राहिला. तिला दोन सापडल्या.

त्या दिवसापासून असा प्रघात पडला आहे की, डॉक्टरसाहेब करकंबास फिरतीवर आले म्हणजे प्रथम ओढ्याकाठी जाऊन बजाबाईपुढे मान करतात, आणि मगच गावच्या वळूंची परीक्षा सुरू होते. महिपतीही परीक्षेच्या आधी आठ दिवस गोचिडी काढून ठेवतो. शंख्याची वासरे आता जेऊरपर्यंत गेली असून ती सर्व पांढरी आहेत.

अल्पमतीने लिहिलेला हा वृत्तांत येथे समाप्त करतो. ज्या वाचकांनी तो शेवटपर्यंत वाचण्याचे श्रम घेतले, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. त्यांनी वाचून होताच एकदा आपल्या कानामागे हात फिरवून पाहावा, अशी नम्र विनंती.

धोंडीराम येसू देशमाने,
मुक्काम करकंब, जिल्हा सोलापूर